गार थांबल्यानंतरचे अंगण

गारपीट थांबल्यावर मुलांना अंगणात नेमके केव्हा सोडावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला बसले. प्रश्न लहान आहे. ज्यांच्या डोक्यावर सिमेंटची गच्ची आहे, त्यांना तो पडणारही नाही. गडचिरोलीकडच्या आमच्या गावात मात्र बहुतेक घरांवर टिनाचे पत्रे आहेत आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर दगड ठेवलेले आहेत, त्यामुळे आम्हाला तो पडायला हवा होता. मला तो वेळेवर पडला नाही.

आमच्याकडे बर्फ पडत नाही. माझ्या दोन्ही मुलांनी बर्फ पाहिला तो मोबाईलवर आणि पुस्तकातल्या चित्रात. मोह फुलण्याच्या सुमारास, उन्हाळ्याच्या तोंडाशी, एखाद्या वर्षी गार पडते, तेवढाच त्यांचा हिमालय. त्या वर्षी मात्र आभाळ काही दिवस सलग बिघडलेले राहिले. मी शिकवते त्या शाळेच्या छपराचे पत्रे वाऱ्याने वाकले आणि ते नीट होईपर्यंत सुट्टी दिली गेली. मुलांचे वडील सूरजागडकडे खाणीच्या गाड्यांवर कामाला असतात आणि सुट्टी मिळेल तेव्हा घरी येतात. त्यामुळे घरात मी, माझी चौथीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा, असे तिघेच होतो.

मुलांच्या आनंदाला सीमा नव्हती. सकाळी उठल्याबरोबर ती आभाळाकडे पाहत आणि ते काळे दिसले की एकमेकांना टाळ्या देत. परात, भाताचा गंज, आंघोळीचा मग, जे हाताला लागेल ते त्यांनी ओसरीवर मांडून ठेवले होते. मुलगा म्हणत होता की यावेळी तो बर्फाचा माणूस करणार, मोबाईलमध्ये दाखवतात तसा. बहीण त्याला चिडवत होती की आपल्या गारांचा माणूस झाला तरी तो पोळा येईपर्यंत काही टिकत नाही. मी हसत होते आणि आतून आक्रसत होते.

मी भीतीचीही क्रमवारी लावणारी बाई आहे. वर्गात जशी उतरत्या क्रमाने मांडणी करायला सांगते, तशी मी मनात मांडणी केली होती. सर्वांत वर वीज. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजायचे, अंक कमी होत गेले तर वीज जवळ येत आहे, हे मी मुलांना शिकवले होते. त्याखाली प्रत्यक्ष गार, कारण लिंबाएवढी गार डोक्यात बसली तर खोक पडते. त्याखाली वारा. आणि शेवटी तलावाच्या पाळीपलीकडचे झुडपी जंगल, जिथे वाघाचे पाय उमटलेले लोकांनी पाहिले होते. गारांच्या नादात मुले त्या बाजूला भटकू नयेत. या यादीतल्या प्रत्येक भीतीवर माझ्याकडे नियम होता. नियम असला की माणसाला आपण सुरक्षित आहोत असे वाटते.

मुलांना पुन्हा बाहेर केव्हा सोडायचे, हा नियम मात्र माझा नव्हता, गल्लीचा होता. आमच्याकडे गार सुरू झाली की घरातली लोखंडी वस्तू अंगणात टाकतात. लोखंडाने गार थांबते, असे म्हणतात. शेजारच्या घरचे लोक तलावातली मासेमारी आणि थोडी धानशेती करतात. त्या घरच्या मोठ्या बाई दारातूनच सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, अशी भिरकावत की ती चिखलात उभी रुतावी. गार थांबली की त्या सब्बल उचलून आत नेत, आणि ती आत गेली की गल्लीतली सगळी मुले बाहेर पडत. लोखंडाने गार थांबते यावर माझा विश्वास नाही. पण सब्बल आत गेली म्हणजे धोका टळला, हे मीही कधी न तपासता मानत आले होते. निदान एका मोठ्या माणसाने आभाळ पाहून घेतले आहे, एवढे तर ते सांगतेच.

त्या दुपारी घरात दिवा लावावा लागेल इतका अंधार झाला. आधी वाऱ्याने पत्रे खालून उचलून आपटले, मग गार आली. टिनाखाली गारेचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही. शेजारी बसलेल्या मुलीचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द पोचत नव्हते. मी दोघांचे दंड धरून भिंतीला टेकून बसले. त्यांची अंगे थरथरत होती. मला वाटले, भ्याली. वाकून पाहिले तर दोघे हसत होते.

मग अचानक सगळे थांबले. ढग फाटून तिरपे ऊन आले आणि अंगण पांढरे झालेले दिसले. मुलगा उंबऱ्याशी गेला. मी त्याला मागे ओढले. शेजारच्या बाई सब्बल उपटत होत्या. मी मुलांना अडवलेले पाहून त्या म्हणाल्या, "सोडा जी मॅडम. पोट्टे का साखरेचे हायेत, इरघळाले?"

मी आभाळ पाहिले, विजेसाठी कान दिला, आणि मुलांना सोडले.

गारा सगळीकडे सारख्या नसतात. अंगणात त्या विखुरलेल्या असतात, पण छपराच्या पाणकडेखाली, म्हणजे पत्र्याची कड ठिबकते तिथे, त्यांचा जाड बांध होतो, कारण पत्र्यावरच्या गारा घरंगळून तिथेच पडतात. साहजिकच मुलगा त्या बांधावर जाऊन बसला आणि त्याने आपला माणूस रचायला घेतला. मी ओसरीवर उभी होते आणि तलावाच्या पाळीकडे नजर लावून होते. माझी भीती तेव्हा तिकडे होती.

डोक्यावर पत्र्यावर काहीतरी खरखरले. मुलगी अंगणाच्या मध्यावर होती. तिने वर पाहिले आणि म्हणाली, "आई, वानर आलं वाट्टे."

वानरांमुळेच आम्ही मातीची कवेलू काढून टिन टाकले होते, त्यामुळे मलाही तसेच वाटले. मी ओसरीच्या कडेच्या खांबाला धरून बाहेर डोकावले. वर वानर नव्हते. छपराच्या मधल्या भागातला दगड, जो दोन हातांनी उचलावा लागतो, तो वाऱ्याने खाली सरकून पाणकडेजवळ आला होता. पत्र्याच्या पन्हाळीत साचलेल्या गारांनी त्याला अडवले होते. त्या गारा उन्हाने वितळत होत्या. दगडाखालून पाणी वाहत होते, आणि मी पाहत असताना तो बोटभर पुढे आला.

त्याच्या बरोबर खाली माझ्या मुलाची मान होती.

त्या क्षणी मला दोन गोष्टी कळल्या. मी ओरडले असते तर तो माझ्याकडे धावला असता, आणि माझ्याकडे येण्याचा रस्ता पाणकडेखालूनच होता. मी त्याच्याकडे झेपावले असते तर माझा खांदा खांबावर आदळून वरच्या वाशाला हिसका बसला असता आणि दगड सुटला असता. मी वर्गातल्या आवाजात, अगदी सावकाश सांगितले की समोर बोरिंगच्या हापशाजवळ याहून मोठी गार पडली आहे, जाऊन घेऊन ये. त्याने मान वरही केली नाही. इथल्याच मोठ्या आहेत, असे तो म्हणाला आणि माणसाच्या डोक्यासाठी गारा थापू लागला.

मी मुलीकडे पाहिले. तिने माझा चेहरा पाहिला, मग पत्र्याकडे पाहिले आणि बोरिंगकडे पळत सुटली.

"ते मी घेतो," ती मागे न पाहता म्हणाली. "तुले देत नाई."

"नाई, मले पायजे," म्हणत तो उठला आणि तिच्यामागे धावला.

दगड पडला त्याचा आवाज मोठा झाला नाही. ओल्या गारांत तो दबका, जड बसला. बर्फाच्या माणसाचे धड त्याच्याखाली गेले. मुलगा परत वळून बघतो तर त्याचे काम मोडलेले. तो रडू लागला आणि वानरांना शिव्या देऊ लागला. मी त्याला तिथेच थांब म्हणून हाताने खुणावले. मी स्वतःही ओसरीवरून उतरले नाही. वर अजून किती दगड आपल्या जागेवर आहेत, हे मला आतून दिसत नव्हते. शेजारच्या बाईंनी मुलांना आपल्याकडे ओढून धरले. त्यांनी आधी आमच्या छपराकडे पाहिले, मग स्वतःच्या. त्यांच्या घरावरही तसेच दगड होते.

पुढे आम्ही दगड उतरवून पत्रे हूक लावून कसले. पण मुले एका घरची नसतात. ती गल्लीभर गारा वेचतात, आणि बहुतेक छपरांवर दगड अजून आहेत. ढग आले की माझी मुले आजही परात शोधतात आणि मी छपरे मोजू लागते. गार थांबल्यावर भावाला सोडण्याआधी मुलगी अंगणाच्या मध्यावर उभी राहून वर पाहून येते. हे तिला मी सांगितलेले नाही.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे: गार थांबते तेव्हा पत्र्यावरचा धोका संपत नाही, काही वेळा तेव्हाच सुरू होतो. पाणकडेचे ठिबकणे पूर्ण थांबेपर्यंत, आणि लांब उभे राहून प्रत्येक दगड जागेवर असल्याचे पाहून घेईपर्यंत मुलांना सोडू नये. पण हे मी एका छपरावरून सांगते आहे. पत्र्याचा उतार वेगळा असेल, दगड तारेने बांधलेले असतील, तर गोष्ट वेगळी असू शकेल. म्हणून माझ्या शब्दावर राहू नका. पुढच्या गारेनंतर, मुले आत असतानाच, तुमच्या छपराकडे लांबून एकदा स्वतः पाहून घ्या.