हाड!

बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर चालता येईल, पण डोंगर विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिचं माहेर कान्हे गावाजवळचं. लहानपणी पहाटे अंथरुणात पडून तिनं भेकराचं, म्हणजे रानातल्या त्या लहानशा हरणाचं, भुंकणं खूप ऐकलेलं, पण भेकर कधी पाहिलेलं नव्हतं. ‘बघू एकदा जाऊन,’ असं मी दर हिवाळ्यात म्हणत आलो. तिचा गुडघाही माझ्यामुळेच झिजला असं मला वाटतं. तिला तसं वाटत नाही, पण ती माझं ऐकून घेते.

दिवाळीनंतर भेकराचे नर माजावर येतात आणि पहाटे उघड्यावर दिसतात, असं वाचलं होतं. म्हणून ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी तळेगावहून अंधारातच गाडी काढली. वलवणच्या वर, रानाच्या कडेला एका कातळावर तिला बसवलं. मी पूर्ण तयारीनं आलो होतो. तिला बांगड्या काढून ठेवायला लावल्या, खोकला आला तर पदर तोंडाशी धर म्हणून सांगितलं. मोबाइलवर भेकराचा आवाज ऐकून ऐकून मी तो पाठही केला होता.

अडचण एकच होती. गाडीपासून एक तांबडं कुत्रं आमच्या मागे लागलं होतं. मी वाटेत त्याला दबक्या आवाजात हाड हाड करत होतो, आणि लगेच वाईट वाटून बिस्किटही देत होतो. त्यामुळे ते हलायला तयार नव्हतं.

उजाडू लागलं. समोरच्या गवतावर दव होतं. मी दुर्बिणीची काच पुसत होतो, तेवढ्यात जवळच भुंकणं सुरू झालं. आता हे कुत्रं सगळं घालवणार, या धास्तीनं मी मान वर न करताच ओरडलो, “हाड!”

“अवो, कुत्रं न्हाई ते!” बायको म्हणाली. लग्नानंतर तळेगावात आल्यावर तिनं सोडून दिलेली बोली होती ती.

मी वर पाहिलं तेव्हा गवत नुसतं हलत होतं. कुत्रं तिच्या पायाशी मुकाट बसलेलं. सकाळपासून त्यानं ब्रसुद्धा काढला नव्हता.

मी माफी मागायला लागलो. आजची, मग त्या सगळ्या हिवाळ्यांची. भेकराचीही मागितली, बिचारं मादीसाठी आलं होतं.

“दिसलं का गं तुला?” शेवटी विचारलं.

“दिसलं की. पाठमोरं. शेपटी वर, खालून पांढरीफेक.” ती हसत होती. “आता गप्प बसा. वर जाऊन भुंकतंय बघा अजून.”

आम्ही ऐकत बसलो. खरंच, अगदी कुत्र्यासारखंच.

ऑपरेशन चांगलं झालं. हल्ली मी कशाबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, की ती वर न बघता म्हणते, “हाड.”