भावासाठी खाल्लेल्या नळ्या

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या स्टॉपवर मी एस.टी.त चढले, ती भावाला बोनमॅरो द्यायला. माझ्याच हाडांतला!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. धाकटा भाऊ बबन झाडीपट्टीतल्या (आमच्या पूर्वेकडच्या धान-जंगलाच्या मुलखातल्या) नाटकांत विनोदी कामं करायचा. मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार बसला. जीव वाचला, पण वाक्य अर्ध्यात तुटू लागलं. दिवाळीनंतर नाटकं सुरू होणार, आणि हा तोंड मिटून घरात. मी पेपरात वाचलं, हाडांतल्या मगजातून स्टेम सेल काढतात, त्यानं मेंदू सुधारतो म्हणे. अर्धा लेख वाचला आणि बाईसाहेब डॉक्टर झाल्या.

मगज दमदार हवा, म्हणून चंद्रपूरला रहीमभाईंच्या हॉटेलात बोकडाच्या नळ्या, म्हणजे मगजानं भरलेली हाडं, मागवल्या.

"और दूँ क्या, बाई?"

"द्या. भावासाठी खाऊन राह्यली."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "भाऊ कुठी हाय?"

सिंदेवाहीला गाडी थांबली, तिथं उतरून पुन्हा नळ्याच. पुढं पिवळा धान, सागाचं जंगल, वैनगंगेचा पूल. मी मात्र पोट धरून, डोळे मिटून.

आरमोरीजवळच्या गावी बबनच्या बायकोनं, रेखानं, पाणी दिलं. "बाई, तोंड काऊन उतरलं?"

"मगज वाढून राह्यला," मी कण्हले.

सकाळी तिघं गडचिरोलीच्या डॉक्टरकडे गेलो. मगज काढून घ्यायला मी ऐटीत कंबर पुढं केली.

"अहो, बहुधा पेशंटच्याच हाडातल्या पेशी घेतात," डॉक्टर म्हणाले. "आणि मेंदूच्या मारासाठी हे अजून तपासूनच पाहताहेत. गुण येईलच, असं कोणी सांगू शकत नाही. बोलायचा सराव सोडू नका."

रेखाचे डोळे भरले. मी पदर सारखा करू लागले. तेवढ्यात बबन हलला.

"मंग... नळ्या..."

रेखा शब्द पुरवायला गेली. त्यानं हातानं थांबवलं.

"नळ्या... मले... द्याच्या... होत्या!"

अपघातानंतरचं पहिलं पुरं वाक्य, आणि तेही माझी टर उडवणारं. रेखा रडता रडता हसत सुटली.

परतीच्या गाडीत माझा मगज जसाच्या तसा होता, फक्त तोरा उतरला होता. पण खिडकीशी बसून मी तेच वाक्य त्याच्यासारखं, थांबत थांबत म्हणत होते.

त्या सीझनला त्याला दरवानाचं, एका वाक्याचं काम मिळालं. त्यानं इतका वेळ घेतला की राजाला घाम फुटला. लोकांना वाटलं, विनोदच आहे. बबन मात्र वाक्य पुरं होईपर्यंत जागचा हलला नाही.