सुतकातले बांगडे

रे रोडला गोदीच्या मागे आमची गल्ली होती. तिथे मूळचा मुंबईकर म्हणावा असा एकही इसम नव्हता. आम्ही मालवणाकडचे, बोटीतून भाऊच्या धक्क्याला उतरलेले. समोर गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांची कूड, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली मोठी खोली. जहाजावर काम मिळेपर्यंत तिथे पडून राहायचं, मिळालं की पेटी मागे ठेवून निघायचं. लाकडाच्या वखारी कच्छी शेटच्या, त्याचे ओंडके उचलणारे तेलंगणातले कामाठी, कोपऱ्यावरचा हॉटेलवाला इराणी. लोक हल्ली या सगळ्याचं फार कौतुक करतात. आम्हाला कसलं कौतुक? नळावर पाच भाषांतल्या शिव्या कळायच्या, एवढाच फायदा.

एक रीत मात्र कुणी न सांगता चालायची. ज्या घरात माणूस जाई, त्या घरची चूल पेटत नसे. शेजाऱ्यांनी पाळीपाळीने जेवण पोचवायचं.

मग मुंबई कुणाची, हा प्रश्न आला. जिथे सगळेच बाहेरून आलेले, तिथेही आला. माझा थोरला भाऊ गोदीत कामाला होता. संध्याकाळी तो वखारीसमोर उभा राहून संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा द्यायचा आणि सकाळी त्याच कच्छी शेटला हात करून कामावर जायचा. एका दुपारी मोर्च्यावर गोळीबार झाला. भाऊ चालत घरी आला नाही, त्याला आणलं.

आई रडली नाही. भिंतीला टेकून बसली ती बसलीच. घास पुढे केला की तोंड फिरवायची. बायका म्हणत, हिला रडवा, नाहीतर हीपण जाईल. मला तेवढी एकच भीती होती, आणि तीसुद्धा दुसऱ्या कुणाची असावी तशी लांबून जाणवायची. जेवण येत राहिलं. कामाठणीने भात आणि चिंचेचं सार आणलं. शेटच्या बायकोने मागच्या दाराने खिचडी दिली आणि मान वर न करता निघून गेली. आईने कशालाच हात लावला नाही.

मग कुडीतला म्हातारा आचारी पातेलं घेऊन आला. झाकण काढलं तर आत बांगड्याचं तिखलं. सुतकात मासे! त्यांच्यात असलं काही पाळत नाहीत, आणि इतकी वर्षं समोर राहूनही आमचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

आईजवळ बसलेली मामी तडकलीच. "सुतक आसा आमका! तुका कळना नाय?"

तो गोरामोरा झाला. "तुज्या पोराक आवडायचे बाये, म्हणून रांदले," असं आईला म्हणून तो पातेलं उचलायला वाकला.

"ऱ्हवांदे," आई म्हणाली. "वाढ माका."

मी वाढलं. मामी पाठ करून बसली. आई बांगड्याचे काटे काढू लागली. बारीकसा काटाही चिमटीत धरून बाजूला करत होती. चांगला मिशीवाला बाप्या झाला तरी भावाला ती असंच निवडून द्यायची. ताटाच्या कडेला निवडलेला मासा साठला, तसा तिचा हात थांबला. तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्या आता कोणाक देऊ?"

मी तो मासा माझ्याकडे ओढला आणि खाल्ला. कसलीच चव लागली नाही. माझं संपेपर्यंत ती बघत राहिली. मग उरलेला रस्सा भातावर ओतून घेतला, घास घेतला आणि जेवता जेवता रडायला लागली. मला मात्र ते जमलं नाही. अजूनही जमलेलं नाही.