दस्तगीर मिस्त्रींची शक्यता: जास्त

आधी चहा संपवा. एकदा मी सांगायला लागलो की तुम्हाला ठसका लागणार, आणि त्याचा दोषही माझ्याच नावावर जाणार! चुका सगळेच करतात, मान्य. पण आपली चूक नीट टाइप करून, प्रिंट काढून, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून डकवणारा माणूस पाहिलाय कधी? मग बघून घ्या. समोरच बसलाय.

मी आर्किटेक्ट. शाहूपुरीत दोन टेबलांचं ऑफिस. स्वभाव तुम्हाला ठाऊक आहेच. बसलो तरी पाय हलत असतो, आणि फोन वाजला नाही तर का वाजला नाही हे विचारायला मीच फोन करतो. अशा माणसाला पहिल्यांदा मोठं काम मिळालं! इचलकरंजीच्या रस्त्याला सुताचं गोदाम, वर ऑफिस, त्यावर गच्ची. मालक पुण्याची कंपनी. आणि अट काय, तर डिझाइनमधल्या धोक्यांची लेखी नोंद हवी. म्हणजे इमारत बांधताना आणि पुढं वापरताना माझ्या नकाशामुळं कुणाला काय इजा होऊ शकेल, ते आधीच लिहून काढायचं. नोंद पटली नाही तर काम बंद.

काम बंद! हे दोन शब्द मी दिवसातून दहादा वाचायला लागलो. आजवर आम्ही धोका कसा हाताळला? पहिल्या दिवशी नारळ फोडायचा आणि रोज खालून "बघून रे!" असं ओरडायचं. संपलं!

कंपनीनं नमुन्याचा तक्ता पाठवला. धोका काय, कोणाला, परिणाम, शक्यता, उपाय, आणि उपाय केल्यावर उरलेला धोका, असे रकाने. खाली सूचना: मोघम लिहू नये. यादी कामगारांना वाचता येईल अशा भाषेत साइटवर लावावी.

आता "कोणाला" या रकान्यात शहाणा माणूस काय लिहील? "कामगार". पण मी त्या "मोघम"ची धास्ती घेतलेली! हजेरीचं पुस्तक मागवलं आणि नावं घातली. हो, खरीखुरी नावं!

एक ओळ ऐका. "गच्चीच्या कडेवरून पडणे. कोणाला: दस्तगीर मिस्त्री. परिणाम: मृत्यू. शक्यता: जास्त. उपाय: काळजी घ्यावी."

दुसरी ऐका. "गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढताना शिडीवरून घसरणे. कोणाला: पांडुरंग सेंट्रिंगवाला. परिणाम: हातपाय मोडणे. शक्यता: मध्यम. उपाय: काळजी घ्यावी."

अशा बावीस ओळी! संध्याकाळी माणसं घरी गेल्यावर साइटवर गेलो आणि पाण्याच्या पिंपावर यादी लावली, कारण तिथं प्रत्येकजण येतोच. स्वतःवर इतका खूश झालो की घरी जाताना पाव किलो पेढे घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला कंपनीच्या तपासणीच्या मॅडम येणार होत्या. त्यानंतर दोन दिवसांनी गच्चीचा स्लॅब ओतायचा होता, वर फळ्या ठोकून तयार होत्या. आणि सकाळी नऊला दस्तगीर मिस्त्रींचा फोन.

"सायेब, हिकडं या."

"काय झालं, मिस्त्री?"

"या म्हंतोय न्हवं!"

स्कूटर कशी हाणली माझं मला ठाऊक. जाऊन बघतो तर मिक्सर बंद आणि सगळी माणसं लिंबाखाली, मयताला जमल्यासारखी गप्प. मधोमध दस्तगीर मिस्त्री. साठीचा माणूस, मंगळवार पेठेतल्या कितीतरी घरांचे स्लॅब त्यांच्या हातचे. मला बघून त्यांनी आधी तंबाखू थुंकली.

"सायेब, मी मेलो तर मरू द्या, त्येचं काय न्हाय. पर शक्यता जास्त? जास्त? चाळीस वर्सं कडंवरनं चालतोय, कवा पाय घसरला न्हाय! आन ह्या पांड्याचं मध्यम? सपाट जमिनीवर ठेचकाळतंय ते!"

"मिस्त्री, तुमचं ऱ्हाऊ द्या बाजूला," पांडुरंग उठला. "सायेब, रविवारी मला पोरगी बघाय जायचं हुतं. वाचमननं रातीच तुमच्या यादीचा फोटू काडला, त्यो मोबाइलवरनं फिरत फिरत पावण्यांस्नी घावला. म्हंत्यात, हातपाय मोडणाऱ्याला पोरगी कशी द्यायची?"

"अरे, मोडणार आहेत असं कुठं लिहिलंय? मोडू शकतात, एवढंच!"

"व्हय? सांगतो की तसं. लई खूश हुत्यात बगा पावणं!"

तेवढ्यात विटा वाहणाऱ्या हौसाक्का पुढं आल्या. "आन माझं नाव कुठं हाय ओ?"

"हौसाक्का, तुमचं नाव नाहीच यादीत. चांगलंच आहे की!"

"काय चांगलं? पंधरा वर्सं घमेली व्हातीया. समद्यांच्या डोक्यात कायबाय पडायचं, आन माझ्या डोक्यात एक वीट बी पडायची न्हाय? मी काय हितं कामच करत न्हाय व्हय?"

घड्याळात साडेनऊ. चारला मॅडम. मी घाईघाईनं पेन काढलं. मिस्त्रींचं "जास्त" खोडून "कमी" केलं. लगेच पांडुरंग म्हणाला, "मग माझं मध्यमच व्हय?" त्याचंही कमी केलं. हौसाक्कांच्या डोक्यात एक वीट पाडली. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "कमी कशापाय? जास्त घाला!" पाच मिनिटांत यादीची अशी अवस्था झाली की माझं मलाच वाचता येईना.

मिस्त्रींनी त्या खाडाखोडीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "सायेब, तुमी कागदावर कमी लिवलं, म्हणून कडा माघारी सरकली व्हय?"

माझं पेन थांबलं.

"त्यो फोटू बगून आज बायकोनं डबा देताना माझा हात धरला," ते म्हणाले. "तीस वर्सांत धरला न्हवता. म्हणून म्या आज पैल्यांदा त्या कडंकडं नीट बगितलं. गच्चीला कठडा का न्हाय ओ?"

कठडा का नाही? कारण खालून बघताना इमारत सडपातळ दिसावी म्हणून मीच नकाशात दाखवला नव्हता! आणि टाकी अगदी कोपऱ्यात, उघड्या कडेवर. तिच्यावर चढायला उभी लोखंडी शिडी. तीही माझीच हौस.

"प्रत्येक ओळीत 'काळजी घ्यावी' लिवलंय. कुणी घ्यावी? आमीच न्हवं? मग तुमी काय केलं?"

खरं सांगतो, मला लाज वाटली. बावीस धोके मी ओळीनं मांडले, कोण कसा मरेल तेही लिहिलं, पण नकाशातली एक रेघ हलवायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

सिमेंटच्या पोत्यांवर नकाशा पसरला. मिस्त्री म्हणाले, "स्लॅब पडायच्या आधी कडंला सळ्या सोडल्या की कठडा हुतोय. मागनं मग फोडाफोडी." लाल पेनानं कठडा काढला. टाकी जिन्याच्या खोलीला लागून घेतली, म्हणजे पायऱ्यांनीच जाता येईल. वर विटा चढवायला दोर ओढायचं चाक आलं. हौसाक्कांनी तेवढ्यासाठी मला माफ केलं. असं करत बावीसही ओळींसाठी नकाशात काही ना काही हललं. पांडुरंगाच्या पावण्यांना मी स्वतः फोन लावला आणि मुलगा धडधाकट असल्याचं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांना उलट संशय आला, पण रविवार पक्का झाला.

"मिस्त्री, मी शाहूपुरीत जाऊन नकाशाची प्रिंट आणतो. तुम्ही यादी नव्यानं, हातानंच लिहून काढा. नावं नकोत!"

प्रिंट घेऊन आलो तर मॅडमची गाडी दारात. तासभर आधीच! आत धावलो. मॅडम हातात मिस्त्रींचा कागद घेऊन उभ्या.

"नोंद उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "प्रत्येक धोक्यासमोर नकाशातला बदल लिहिलाय. असं फार कमी ठिकाणी बघायला मिळतं. काम चालू ठेवा. फक्त शेवटच्या ओळीबद्दल विचारायचंय."

आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. "धोका: सायेब. कोणाला: समद्यास्नी. शक्यता: जास्त. उपाय: खुर्चीत बसवून चहा देणे. उरलेला धोका..." त्या थांबल्या. "इथं काहीच लिहिलेलं नाही."

"चहा दिऊन बगितल्याबिगर कसं लिवायचं, म्याडम?" मिस्त्री म्हणाले.

लगेच खुर्ची आली, चहा आला. मी बसलो. दोन घोट घेतले असतील नसतील, तोवर कठडा नेमका कुठून सुरू होतो ते मॅडमना दाखवायला उठलो. कपाला नकाशाचा धक्का, चहा कागदावरच्या कठड्यावर, आणि सावरायला मागं सरकलो तो पाय थेट विटा भिजवायच्या टाक्यात. गुडघ्यापर्यंत!

मिस्त्रींनी कानावरचं पेन काढलं, मॅडमच्या हातातून कागद घेतला आणि रिकाम्या रकान्यात लिहिलं, "हाय तेवढाच."

मॅडमनी खाली सही केली.