हरेशदादाची नारिंगी दोरी

रीफवरच्या पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मेसमधले सगळे आमच्यावर जळले. नौदलाच्या डायव्हिंग टीममधले आम्ही सहा जण महिनाभर लक्षद्वीपच्या एका बेटावर जाणार होतो. कोमट पाणी, प्रवाळ, रंगीत मासे. ‘हनिमूनला चाललेत साले,’ असं कुणीतरी म्हणालं. आम्हीही हसलो.

तोवरची माझी नोकरी मुंबईच्या गोदीत गेली होती. तिथलं पाणी म्हणजे चहाचा चोथा. जहाजाच्या पोटाखाली उतरलं की स्वतःचा हात दिसत नाही, सगळं काम चाचपून करायचं. दोघा डायव्हरच्या कमरेला मिळून एक दोरी असते, बडी लाइन. एक हिसका म्हणजे ‘ठीक आहेस?’ उलट एक हिसका आला की समोरचा ठीक.

माझ्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला पेटी ऑफिसर हरेश पाटील असायचा. मी लीडिंग सीमन सावंत, त्याच्याहून एक पायरी खाली. दोघेही भाईंदरचे. मी पूर्वेचा, गोडदेवचा; वडील रत्नागिरीहून नोकरीसाठी आलेले. तो पश्चिमेचा, मोरव्याचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. ‘तुमी आलात न आमची मिठागरं गेली,’ असं मला टोचायचा आणि सुट्टीवरून परतताना माझ्यासाठी आईच्या हातची सुकटीची चटणी आणायचा. सरकारी दोरी त्याला पटत नसे. उत्तनला जाळ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून त्यानं स्वतःच्या पैशानं नारिंगी नायलॉनची दोरी घेतली होती. ती धुऊन, वाळवून, गुंडाळून ठेवल्याशिवाय तो जेवायला बसत नसे.

बेटावरचं काम साधं होतं. रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकांच्या, आत उथळ पाणी असतं; त्याच्या तोंडाशी जहाजांना वाट दाखवणारे तरंगते बोये असतात, त्यांच्या साखळ्या तपासायच्या, झिजलेल्या बदलायच्या. सकाळी दोन डाइव्ह, दुपारी आराम. पाणी इतकं नितळ की बोटीतून खालची साखळी मोजता यायची. पहिल्याच दिवशी लेफ्टनंटसाहेब म्हणाले, “पाटील, यहाँ लाइन किसलिए? सब दिख रहा है.”

“दिखता है, इसीलिए, सर. दूर का भी पास लगता है.”

साहेब हसले, पण त्यांनी अडवलं नाही. आम्ही दोघंच तेवढे दोरी बांधून उतरायचो. बाकीचे आम्हाला बैलजोडी म्हणायचे.

त्या दिवशी दुसरी डाइव्ह संपवून आम्ही बोटीत डबे उघडत होतो. रीफच्या कडेला टुरिस्टांची एक स्कूबा बोट उभी होती. तिच्यावरून इन्स्ट्रक्टर ओरडला, “सर! एक गेस्ट नीचे रह गया! कछुए के पीछे गया!” त्याच्याजवळ आणखी पाच नवखे पाण्यात होते. त्यांना सोडून त्याला खाली जाता येत नव्हतं.

लेफ्टनंटसाहेबांनी आमच्याकडे बघितलं. सगळ्यांनीच दोन डाइव्ह केल्या होत्या. ताजा माणूस टीममध्ये नव्हता.

“मी नि सावंत,” हरेशदादा म्हणाला. डब्याचं झाकण त्यानं परत लावलं. नवे सिलिंडर पाठीवर चढवून आम्ही उतरलो.

रीफ तिथे भिंतीसारखी सरळ खाली जाते. तो माणूस आम्हाला लगेच दिसला, अगदी हाताशी. पण आम्ही जात राहिलो आणि तो येईचना. पोहोचलो तेव्हा माझ्या गेजवर चौतीस मीटर होते. त्याच्या तोंडातली नळी सुटलेली होती आणि अंग सैल पडलं होतं. हरेशदादानं स्वतःची जादा नळी त्याच्या तोंडात धरली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. खोल पाण्यात घेतलेल्या श्वासातला नायट्रोजन रक्तात मुरतो. वर येताना टप्प्याटप्प्यावर थांबून तो जाऊ द्यावा लागतो. सोड्याची बाटली हलवून एकदम उघडली तर काय होतं, ते घरोघरी माहीत आहे; रक्तात तसे बुडबुडे झाले की त्याला बेंड्स म्हणतात. आमच्या अंगात सकाळपासूनचा नायट्रोजन होता. थांबणं भागच होतं. त्या माणसाला मात्र थांबायला वेळ नव्हता. त्याला घेऊन कुणीतरी एकानं सरळ वर जायचं होतं. सीनिअर म्हणून हरेशदादा मला पाठवू शकत होता.

त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग वर दाखवलं. मी मान आडवी हलवली, नको. त्यानं माझ्यासमोर पंजा आडवा धरला. थांब. ती ऑर्डर होती. मग मी समोर दिसत असतानाही त्यानं सवयीनं दोरीला एक हिसका दिला. मीही दिला. त्यानं आपल्या कमरेचा दोरीचा हूक काढला आणि तो माणूस कवटाळून वर गेला.

मी सुटं टोक हातात घेऊन टप्प्यावर लटकत राहिलो. पाणी नितळ होतं, म्हणून मला सगळं दिसलं. दोघांना वर ओढणारे हात दिसले. मग बोटीच्या कडेवर हरेशदादा बसलेला दिसला, त्याचे पाय पाण्यात. थोड्या वेळानं ते हलायचे थांबले. गोदीच्या पाण्यात मला यातलं काही दिसलं नसतं. आता आमच्या सोसायटीतली पोरं अंदमानहून आली की मोबाइल पुढे करतात, “काका, बघा ना, किती क्लिअर पाणी!” मी बघतो, छान म्हणतो. नितळ पाण्याचा मला राग येतो, हे त्यांना काय सांगणार?

मी वर आलो तेव्हा तो शुद्धीत होता.

“काय न्हाय रं. पाय जरा जड झालाय.”

“दादा, ऑक्सिजनचा मास्क काढू नको.”

“त्यो हाय ना?”

“आहे. श्वास घेतोय.”

साहेब रेडिओवर होते. “कॅज्युअल्टी टू. एक डायव्हर, बेंड्स. चेंबर चाहिए. ओव्हर.”

पलीकडून उत्तर आलं, “चेंबर मेनलँड में है. हेलिकॉप्टर निकल रहा है. वेट. आउट.”

चेंबर म्हणजे माणसाला पुन्हा पाण्याखालच्या दाबात ठेवून ते बुडबुडे विरवणारी बंद टाकी; बेटावर ती नव्हती. आम्ही थांबलो. हेलिकॉप्टर आलं. त्यात मी त्याच्याशेजारी होतो. चेंबरपर्यंत पोहोचायच्या आत हरेशदादा गेला.

त्याचं सामान आणि ती दोरी घेऊन मोरव्याला मीच गेलो. त्याची आई ओट्यावर बसली होती. रडून झालं होतं. तिनं मला पाणी दिलं आणि विचारलं, “त्यो मानूस जगला का?”

“जगला.”

“त्याला आय हाय?”

“असेल, मावशी.”

“मंग ठीक हाय.”

मला ठीक वाटलं नाही. आजही वाटत नाही. तो माणूस एकदाही मोरव्याला आला नाही. आधी मी त्याच्यावर संतापायचो. आता तेवढा दमही उरलेला नाही.

हरेशदादा गेला त्या तारखेला मी दर वर्षी गोडदेवहून मोरव्याला जातो. म्हातारी आता मला नीट ओळखत नाही, पण हरेशदादाच्या भावजयीला सुकटीची चटणी करायला सांगते. ती नारिंगी दोरी तिनं अंगणात कपडे वाळत घालायला बांधली आहे. उन्हानं तिचा रंग उडालाय, पण एक पीळ सुटलेला नाही.

निघताना मी चपला घालतो आणि दोरीला एक हिसका देतो. पलीकडचं टोक भिंतीतल्या खिळ्याला बांधलेलं आहे, हे मला माहीत आहे. तरी मी दोरीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहतो.