न छापलेल्या प्रसंगाचं कौतुक

आदरणीय निर्मलाताई खंडारे यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या कथेला शेवटचा क्रमांक दिला तेव्हा. अकोल्यातल्या एका कथास्पर्धेच्या त्या परीक्षक होत्या. निकालासोबत त्यांनी दीड पानी पत्र जोडलं होतं: कथा कुठे फसली, का फसली आणि पुन्हा कशी लिहिता येईल. ते पत्र घेऊन मी भांडायलाच म्हणून अमरावतीला, राजापेठेतल्या त्यांच्या घरी गेलो आणि कथा दुरुस्त करायचं कबूल करून परत आलो. तेव्हापासून त्यांची हस्तलिखितं मीच टाइप करतो.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कादंबऱ्यांवर जाणकार लिहितीलच. शाळेतली नोकरी सांभाळून त्यांनी केलेलं लेखन, दर रविवारी वस्तीतल्या विहारात मुलींकडून मोठ्याने पुस्तकं वाचून घेण्याचा त्यांचा नेम, यांवरही कोणी तरी लिहील. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचं आहे.

ताईंची शेवटची कादंबरी वरूडच्या संत्र्यांच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बायकांवर आहे. ती आली आणि पंधरवड्यातच पुस्तकं विकणाऱ्या एका संकेतस्थळावर एका वाचक बाईंनी तिला एक तारा दिला. त्यांनी लिहिलं होतं, ‘मी स्वतः शेडमध्ये संत्री निवडते. आम्ही गाणी म्हणत काम करत नाही. मशीनच्या आवाजात शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही. सालीचा रस बोटांच्या भेगांत जाऊन किती चुरचुरतो, ते मात्र पुस्तकात कुठेच नाही.’ त्याखाली तीसेक जणांनी माना डोलावल्या.

माझा तोल गेला. मी तीन खोटी नावं घेतली आणि पाच-पाच तारे देऊन तीन अभिप्राय टाकले. एकात लिहिलं, ‘रिद्धपूरच्या बसथांब्यावर नायिका आईची वाट पाहत बसते, तो प्रसंग वाचून रडू आवरलं नाही.’ रडू खरोखरच आलं होतं, पण टाइप करताना. तो प्रसंग ताईंनी शेवटच्या प्रुफात काढून टाकला होता, आणि छापलेलं पुस्तक मी उघडून पाहिलंच नव्हतं. घरचंच पुस्तक, ते काय वाचायचं!

दोनच दिवसांत त्या बाईंचं उत्तर आलं: ‘पुस्तक दोनदा चाळलं. असा प्रसंग नाही. जे छापलंच नाही, ते लेखिकेशिवाय कोणाला माहीत असणार?’

मी तिन्ही अभिप्राय पुसून टाकले. पण तोवर त्यांचे फोटो साहित्यिकांच्या गटागटांतून फिरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळचीच बस पकडून मी अमरावती गाठली.

ताई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. माझा चेहरा पाहून म्हणाल्या, “तूच लिवलं न थे?”

मी मान हलवली. “ताई, आज कबूल करून टाकतो.”

“आन् तुह्यं पुस्तक? पुढच्या महिन्यात येऊन राहिलं न? लोकं पुस्तक वाचाच्या आधी तुलेच वाचतीन.”

“पण तुमच्या नावाला...”

“माह्यं नाव आता म्हातारं झालं, थे सोसते. सांगजो कवातरी. मी वाट पाहीन.” मग चिमटे माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, “मले हे सांग, वरूडची गाडी किती वाजता हाय?”

तीन दिवस ताई वरूडच्या शेडमध्ये बायकांच्या ओळीत बसून संत्री निवडत होत्या. परत आल्या तेव्हा बोटांना पट्ट्या होत्या. “थ्या बाईचं सोळा आणे खरं हाय,” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या आवृत्तीत गाणी गेली, मशीनचा आवाज आला आणि प्रस्तावनेत त्या वाचक बाईंचे आभार आले. वाईट अभिप्रायाचं काय करायचं, असं नवे लेखक मला विचारतात. मी त्यांना ही गोष्ट सांगतो, अर्थात माझा भाग गाळून.

माझी कादंबरी आली, बरी चाललीही. पण माझं ‘कवातरी’ काही येईना. गेल्या वर्षी अकोल्याच्या एका मेळाव्यात श्रोत्यांतून एकाने ताईंना विचारलं, “स्वतःच्या पुस्तकाला स्वतःच तारे देणं तुम्हाला शोभतं का?” मी दुसऱ्या रांगेत होतो. ताई शांतपणे म्हणाल्या, “ते मी लिहिलेलं नाही. कोणी लिहिलं ते मला माहीत आहे, पण ते मी सांगणार नाही.” सभागृह हसलं. कोणाचाच विश्वास बसला नाही. ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मी उठलो नाही. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आज सकाळी, हा लेख संपादकांकडे पाठवण्याआधी, मी त्या बाईंच्या अभिप्रायाखाली माझ्या पूर्ण नावानिशी सगळं लिहिलं आहे. तेव्हापासून फोन टेबलावर पालथा पडला आहे. दोनदा हात पुढे केला, दोनदा मागे घेतला. लोक मला काय म्हणतील, याची भीती आहेच. पण मोठी भीती ही, की आता कोणी वाचलंच नाही तर?

ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावं, असं आज सगळेच म्हणतील. माझ्या म्हणण्यात स्वार्थ आहे. त्या दिवशी सभागृहात जे जे हसले, त्यांतला शेवटचा माणूस त्यांची माफी मागेपर्यंत ताई खुटखुटीत राहोत, आणि त्या रांगेत सर्वांत पुढे मी असेन.