मिस्त्रींचा पुठ्ठा

बोटीच्या इंजिनातून पाण्याची बारीक धार बाहेर पडत होती, ती मी बंद केली. बोट सोसायटीची, मी सोसायटीचा सेक्रेटरी, आणि घरातल्या नळाला लावून उरलेली दोन रंगांची पुट्टी नेमकी खिशात. अशा वेळी माणसाच्या हातून कर्तबगारी घडतेच. इंजिन पाण्याच्या पिंपात उभं करून चालू केलं होतं. ते बंद केलं, पुट्टी मळली, बाजूचं ते भोक बुजवलं आणि वर अंगठ्याने गुळगुळीतही केलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. इंजिन चालू करून मागे वाकून बघितलं आणि लगेच बंद केलं.

"हे कोनी केलं?"

"मी," मी म्हणालो. शाबासकी घ्यायला मान जरा पुढेही केली असेन.

मिस्त्रींनी खिशातून तार काढली आणि पुट्टी टोकरायला घेतली. "सेक्रेटरी, इंजिनाला थंड करनारं पानी आत फिरतंय का नाय, ते बाहेरच्या मानसाला कलावं म्हनून ही धार ठेवलेली असते. ही लीकेज नाय. जे दिसायला पायजे, तेच तुमी बुजवलंत."

माझी बायको बाजूलाच चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती जे हसली, ते पुढे दोन वर्षं अधूनमधून हसतच होती.

डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला आमची सोसायटी. एका पावसाळ्यात तळमजल्यात कमरेइतकं पाणी भरलं, तेव्हा खाडीकाठच्या गावातले लोक आपल्या होड्या घेऊन आले आणि त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. त्यानंतर कमिटीने मोठ्या जोशात एक जुनी फायबरची बोट घेतली. मागे अडकवायचं इंजिनही आलं. बोटीतलं आम्हाला काही कळत नव्हतं, पण कळत नसलेल्या गोष्टींवर ठराव करायचा आमचा हातखंडा. इंजिन बघायला त्याच गावातले मिस्त्री येऊ लागले. साठीच्या आसपासचे, बुटके, आणि गुडघ्यांवर हात टेकल्याशिवाय न उठणारे.

त्यांची एक पद्धत होती. इंजिन गळतंय म्हटलं की पाना हातात घ्यायचाच नाही. आधी चिंध्या घेऊन सगळं इंजिन वरपासून खालपर्यंत कोरडं पुसायचं, मग खाली पांढरा पुठ्ठा ठेवायचा आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी येऊन तो पुठ्ठा वाचायचा. हो, वाचायचाच. पेट्रोलचा डाग उडून जातो आणि मागे नुसती कड उरते. इंजिनचं तेल पसरत जातं. खालच्या गिअरचं तेल जाड, ते पडलं तिथेच बसून राहतं. प्रत्येक डागाभोवती ते पेन्सिलीने गोल काढत आणि बाजूला लिहीत. "थेंब पडतो तिथं बगू नका. वरून ओघलतं नि खाली लटकतं. थेंबाच्या वर जायचं, वर," असं ते मला दर खेपेला सांगत आणि मी दर खेपेला थेंबाकडेच बघत असे.

पुठ्ठा शर्टाच्या खोक्यातला लागे. माझे शर्ट आले की बायको आतला पुठ्ठा जपून ठेवी. "शर्ट बसला नाही तरी चालेल," म्हणे, "मिस्त्रींना पुठ्ठा बसला पाहिजे."

पाणी गळत असलं तर मिस्त्री हाताचं बोट त्यात बुडवून जिभेला लावत. पहिल्यांदा ते बघून बायको ओरडलीच, "अहो मिस्त्री, थुंका आधी!"

"थांबा वैनी. खारं हाय. म्हंजे खाडीचं. टाकीत पावसाचं शिरलं असतं तर गोडं लागलं असतं."

"डोळ्यांनी नाही का कळत?"

"डोल्यांनी सेक्रेटरी बगतात की!"

एका मे महिन्यात त्यांनी खालच्या गिअरचा स्क्रू सैल केला, तर तेल दूध घातलेल्या चहासारखं बाहेर आलं. त्यांनी ते चिमटीत चोळलं. मग खालचा, पाण्यात फिरणारा पंखा काढला. दांड्याला मासेमारीची नायलॉनची दोरी करकचून गुंडाळलेली होती. तिने मागचं रबरी सील कापलं होतं आणि आत पाणी शिरत होतं. "सील आनून द्या, अर्ध्या दिवसाचं काम हाय. तोवर बोट पान्यात घालू नका. आत गंज धरंल. आता चालंल, पन भरवशाच्या येलेला दगा देईल." पुठ्ठ्यावरही त्यांनी तसंच लिहून दिलं, खाली सही केली आणि पुठ्ठा माझ्या हातात ठेवला.

पण पुढच्या रविवारी सोसायटीचा वर्धापनदिन होता. चेअरमनसाहेबांनी पाहुणे बोलावले होते आणि बोटीचं प्रात्यक्षिक ठरलं होतं. बोट बिघडली आहे हे त्यांना सांगायचं कसं? मी पुठ्ठा कपाटावर टाकला. प्रात्यक्षिक झकास झालं, फोटोही निघाले. सील मागवायचं उद्यावर गेलं आणि सगळे उद्या कपाटावर त्या पुठ्ठ्यापाशी साठत राहिले.

याच सुमाराला मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपला बोटींच्या इंजिनांसाठी जाणता माणूस हवा होता. छपराखाली, टेबलाशी उभं राहून करायचं काम. "चिखलात उकिडवं बसून बसून गुडगे गेले सेक्रेटरी. त्यांना कुनाचं तरी पत्र पायजे. तुमी द्याल?" मी म्हणालो, "अहो, म्हणजे काय!" पत्र टाइपही केलं. फक्त चेअरमनची सही राहिली होती.

जुलैत पाणी आलं. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना सोसायटीतल्या पोरांनी बोटीत बसवलं आणि बोट फाटकाबाहेर काढली. मी गच्चीवरून कर्ण्यातून सूचना देत होतो, म्हणजे सर्वांत कोरड्या जागी होतो. रस्त्याच्या मध्यावर इंजिन नुसतं किंचाळायला लागलं. पंखा फिरेना. बोट पाण्याच्या ओढीने नाल्याकडे निघाली, समोरच्या भिंतीवर आपटली, आणि दोर टाकून लोकांनी ती कशीबशी खेचली. आजी वाचल्या. त्यांचं मनगट मोडलं.

त्या आठवड्यात मीटिंग झाली. मिस्त्रींना बोलावलं होतं. ते धुतलेला शर्ट घालून आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. चेअरमन म्हणाले, "इंजिन यांच्याच हाताखाली होतं. यांना दिसलं नाही?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सेक्रेटरी, यांनी तुम्हाला काही सांगितलं होतं का?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मिस्त्रीही बघत होते, अगदी शांतपणे. पुसलेल्या इंजिनाकडे बघत तसेच.

"तसं... स्पष्ट असं काही नाही," मी म्हणालो.

पत्राचा विषय निघायचं कारणच उरलं नाही. गुडघ्यांवर हात टेकून मिस्त्री उठले. जिन्यात मी त्यांच्या मागे गेलो, तर एका पायरीवर थांबून म्हणाले, "सेक्रेटरी, तो पुठ्ठा टाकलात तर नाय ना? जपून ठेवा." आणि गेले.

घरी बायकोने कपाटावरून पुठ्ठा काढला, वाचला, धूळ पुसली आणि परत वर ठेवला. माझे शर्ट त्यानंतरही आले. आतले पुठ्ठे ती फेकून देऊ लागली.

वर्कशॉपमध्ये दुसरा माणूस लागला. मी मिस्त्रींच्या गावाकडे जाणारा रेतीबंदराचा रस्ता टाळू लागलो. भाजीसुद्धा स्टेशनकडून आणायचो आणि व्यायाम होतो असं सांगायचो. गेल्या महिन्यात, दोन वर्षांनी, धीर करून मिस्त्रींच्या घरी निघालो. पिशवीत तो पुठ्ठा होता आणि खरं काय घडलं ते लिहिलेलं, माझ्या सहीचं पत्र. म्हटलं, त्यांच्या हातात देईन.

दारात त्यांची सून मासळी वाळत घालत होती. "आबा दिवाळीतच गेले," ती म्हणाली. अंगणात एक इंजिन लाकडी घोड्यावर उभं होतं. खाली पुठ्ठा, त्यावर तेलाचे तीन डाग. भोवती गोल काढलेले नव्हते. "त्यांनीच ठेवलेला. आमाला कुनाला वाचता येत नाय, नि उचलवत पन नाय."

मग तीच सांगू लागली. "वागल्याला टेबलावरचं काम मिलनार होतं त्यांना. आबांनीच नको म्हटलं. एवड्या लांब कोन जानार, म्हनाले. आमी किती भांडलो त्यांच्याशी! शेवटपत्तर चिखलात बसले." तिने डोळ्याला पदर लावला. "तुमी कोन?"

"ओळखीचा," मी म्हणालो. पिशवी तशीच घेऊन परत आलो.

बायकोने पिशवी बघितली. मीच सांगितलं सगळं, आणि वर म्हणालो, "आता खरं सांगून काय उपयोग? उगाच त्या लोकांना त्रास."

ती पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हणजे तिथेही पुट्टी लावून आलात."